पपईनंतरचा पाऊण तास

देवदत्त मुळ्ये हातात पपईची फोड घेऊन स्वयंपाकघरात उभा होता, आणि ती आईला द्यावी की न द्यावी हे त्याला कळत नव्हतं. रविवार होता, सकाळचे सात वाजले होते. आर्यामॅडमच्या म्हणण्याप्रमाणे फळ खायला याहून चांगली वेळ नाही, कारण पोट रिकामं असतं. वैद्यजींच्या म्हणण्याप्रमाणे याहून वाईट वेळ नाही, आणि कारण तेच, पोट रिकामं असतं. इंदूरच्या विजय नगरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत वीस माणसं हाताखाली असलेला हा अठ्ठेचाळीस वर्षांचा गृहस्थ दोन-तीन मिनिटं तसाच उभा राहिला आणि शेवटी ती फोड स्वतःच खाऊन मोकळा झाला.

प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं मात्र नव्हतं. वैशाखात देवदत्तचे वडील, अच्युतराव, गेले आणि कुमुदिनीबाई मल्हारगंजातलं बिऱ्हाड मोडून मुलाच्या विजय नगरातल्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. आल्या तेव्हा त्यांचं वजन एकोणपन्नास किलो होतं. आता कार्तिक लागला होता आणि काटा चाळीस पूर्णांक एकवर येऊन थांबला होता. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. रक्त तपासून झालं, सोनोग्राफी झाली, सगळं स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, येत्या गुरुवारी परत आणा, आणि वजन चाळीसच्या खाली गेलेलं असलं तर भरती करून घेऊ, पोटात नळी घालून आतून बघावं लागेल.

कुमुदिनीबाईंनी ते नीट ऐकलं होतं. परत येताना गाडीत त्या एवढंच म्हणाल्या, “दवाखान्यात नको टाकू रे मला. तुझे बाबा तिथून परत आले नाहीत.”

तेव्हापासून देवदत्तची झोप उडाली होती. गुरुवार चार दिवसांवर होता.

तसं पाहिलं तर हे सगळं सुरू झालं एका आमरसावरून. ज्येष्ठात एका दुपारी कुमुदिनीबाई रस-पुरी जेवल्या, चार वाजता वर कलिंगड खाल्लं, आणि संध्याकाळी पोट बिघडलं. दुसऱ्या कुठल्याही घरात चिमूटभर ओवा दिला असता आणि दुसऱ्या दिवशी लोक विसरून गेले असते. पण देवदत्तचं आयुष्य सॉफ्टवेअरमधले दोष शोधण्यात गेलेलं. दोष म्हटला की त्याचं मूळ कारण सापडलंच पाहिजे, नाहीतर या माणसाला अन्न गोड लागत नाही. त्याने मोबाइलवर शोधाशोध केली आणि त्याला पुण्याच्या आर्यामॅडम सापडल्या. त्या व्हिडिओ कॉलवर आहाराचं मार्गदर्शन करायच्या. त्यांनी सांगितलं की दोष आमरसाचा नाही, जोडीचा आहे. फळ पोटातून झटकन पुढे जातं, त्याच्यापुढे पोळी-भात येऊन बसले की ते अडकून आंबतं.

देवदत्तला हे एकदम पटलं. हे त्याच्या रोजच्या कामासारखंच होतं, एकाने वाट अडवली की मागचं सगळं तुंबतं.

मग नियम आले. फळ उपाशीपोटी खायचं. फळानंतर पाऊण तास काही नाही. जेवणानंतर तीन तास फळ नाही. आंबट फळाशी गोड फळ नाही. दुधाशी कुठलंच फळ नाही. कलिंगडाने एकट्याने यायचं आणि एकट्याने जायचं. इथपर्यंत ठीक होतं, पण देवदत्तने खात्री करून घ्यायला मल्हारगंजातल्या चिंतामण वैद्यजींनाही गाठलं, आणि तिथे पंचाईत झाली. वैद्यजी म्हणाले, या वयात सकाळी गार फळ म्हणजे वाताला आमंत्रण, दुपारी जेवणाच्या सुरुवातीला दोन फोडी द्या. केळं-दूध त्यांनाही नामंजूर, पण पिकल्या गोड आंब्याला दूध चालेल म्हणाले. डॉक्टरांना विचारलं तर ते चष्म्यावरून बघून म्हणाले, “अरे सर, जो मन करे वो खिलाओ. बस खिलाओ.” हे उत्तर देवदत्तला बेजबाबदारपणाचं वाटलं.

तर मग तक्ता झाला. तीन रकाने, तीन रंग, आणि जिथे तिघांचं पटेल तेवढंच हिरव्या चौकटीत. तो फ्रिजच्या दारावर लागला. सगळे पाऊण तास आणि तीन-तीन तास मांडून झाल्यावर कुमुदिनीबाईंना धड काही खाण्यासाठी सकाळची वीस मिनिटं आणि दुपारचा अर्धा तास उरत होता, पण एवढ्या मेहनतीनंतर त्या बारकाव्याकडे बघायला कोणाला सवड होती?

आर्यामॅडमचा एक नियम मात्र देवदत्तला सगळ्यांत आवडला होता. त्या म्हणाल्या होत्या, आग्रह करायचा नाही. शरीराला सगळं कळतं. एकदा विचारायचं, भूक आहे का? नाही म्हणाल्या तर विषय संपला. देवदत्तला हे फारच सभ्यपणाचं वाटलं. लहानपणापासून पंगतीतल्या त्या ओढाताणीचा त्याला कंटाळा होता.

त्यामुळे रोज सकाळी ऑफिसला निघण्यापूर्वी मायलेकांचं बोलणं असं व्हायचं.

“आई, भूक आहे का?”

“नको रे.”

“बरं. डब्यात तुझं जेवण काढून ठेवलंय. साडेबाराला खा. पपई आधी खाल्लीस तर पाऊण तास थांब.”

“हो. थांबीन.”

आणि तो मोबाइलमध्ये नोंद करायचा: भूक नाही. पाच महिन्यांत अशा दीडशे नोंदी झाल्या होत्या. जितकी भूक नाही, तितकं पचन मंद, आणि जितकं पचन मंद, तितके नियम कडक. डब्यातली पोळी दोनाची एक झाली, भात वाटीभराचा अर्धी वाटी झाला. वजन उतरत राहिलं आणि देवदत्त आणखी एक रकाना वाढवत राहिला.

त्याची बायको इरावती इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. ती माहेरची साताऱ्याची, बोलायला सरळ. तिच्या माहेरी ज्याचं त्याने वाढून घ्यायचं आणि नको म्हणजे नको. ती एकदा वैतागून म्हणाली, “अरे, तू सगळ्या इंदूरला विचारून आलास. आईंना विचारलंस का, काय होतंय म्हणून?”

“विचारलं. काही नाही म्हणते.”

“मी पण विचारलं,” इरावती म्हणाली. “सगळं ठीक आहे म्हणाल्या.” आणि ती पेपर तपासायला बसली.

त्या रविवारी दुपारी मल्हारगंजात नचिकेतकडे जायचं होतं. नचिकेत देवदत्तचा मावसभाऊ, त्याच्या बायकोचं, श्रियाचं, डोहाळजेवण होतं. देवदत्तच्या मनात आईला न्यावं की नाही असं चाललं होतं, पण कुमुदिनीबाई नऊ वाजताच ठेवणीतली साडी नेसून दाराशी बसल्या होत्या. त्याने खिशात पोटाच्या औषधाच्या चार पुड्या टाकल्या आणि निघाला.

तिथे गेल्यावर त्याने आधी काय काय मांडलंय ते बघून घेतलं. ओटीची पाच फळं ताटात मांडलेली होती, ती एक वेळ ठीक. पण पानात जे वाढलं जाणार होतं त्यात आर्यामॅडमच्या यादीतला एकही गुन्हा राहिला नव्हता. मानपूरहून पेटी भरून सीताफळं आली होती, त्यांची बासुंदी. दह्यातली केळ्याची कोशिंबीर. अननसाचा शिरा. आणि गरम पुऱ्या, मटारभात, वर तळण. फळ, दूध, दही, मैदा, सगळे एका पानात मांडीला मांडी लावून बसणार होते.

आणि वाढायला होत्या गंगूबाई. त्या गल्लीतल्या मराठी घरांत गेली चाळीस वर्षं कुठलंही कार्य असो, स्वयंपाक गंगूबाईंचा आणि वाढणंही त्यांचंच. पदर खोचलेला, हातात पळी, आणि कान असे तयार झालेले की समोरच्याचं “नको” त्यांना ऐकू येतं पण अडवत नाही.

देवदत्तने पाण्याचा जग उचलला. आईच्या पानावर नजर ठेवायला तेवढंच निमित्त.

“बासुंदी, वहिनी.”

“नको हो गंगूबाई, पुष्कळ आहे,” कुमुदिनीबाई म्हणाल्या.

“पुष्कळ कुठली, आत्ता तर बसलात.” वाटी भरली.

पाच मिनिटांनी पुरी आली. कुमुदिनीबाईंनी पानावर हात आडवा धरला, “नको, नको, आता बिलकुल नको.” देवदत्तने बघितलं, हात आडवा होता खरा, पण पानाच्या चांगला वीतभर वर होता आणि खालून दोन पुऱ्या आरामात सरकतील एवढी जागा होती. त्या सरकल्या. कुमुदिनीबाई “काय हे!” म्हणाल्या आणि खायला लागल्या.

तिसऱ्या वाटीला देवदत्तला राहवेना. “गंगूबाई, आईचं पोट नाजूक आहे हो. ती नको म्हणतेय ना!”

“तुम्ही पानी वाढा भिया,” गंगूबाई आपल्या इंदुरी मराठीत म्हणाल्या. “नको म्हणून राहिल्यात ते मी पण ऐकून राहिलीय.”

बायका हसल्या. कुमुदिनीबाईही हसल्या, आणि देवदत्तला आठवेना की या घरात आल्यापासून, म्हणजे त्याच्या घरात आल्यापासून, त्या अशा कधी हसल्या होत्या. त्याने सवयीने मोजदाद ठेवली होती. सात पुऱ्या. तीन वाट्या बासुंदी. कोशिंबीर दोनदा. शिरा एकदा, भात एकदा. आणि नको, अकरा वेळा. अकरा नकारांवर इतकं अन्न पोटात कसं गेलं हे त्याला कुठल्याच हिशेबाने जुळवता येत नव्हतं.

परतीच्या वाटेवर तो आरशातून सारखा मागे बघत होता. कुमुदिनीबाई डोकं टेकून झोपल्या होत्या. चार वाजले, काही झालं नाही. पाच वाजता त्याने पुडी पाण्यात घालायची तयारी केली, तर त्या गॅलरीत बसून शेजारणीला श्रियाची साडी कशी होती ते सांगत होत्या. सहा वाजता त्याने आर्यामॅडमना सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं: बहात्तर तास वाट बघा, परिणाम सावकाश दिसतात. मग त्याने वैद्यजींना फोन लावला. वैद्यजी म्हणाले, “प्रसन्न मन से खाया, पच गया. इसमें क्या है?” देवदत्त बोलपेन घेऊन तक्त्यापुढे उभा राहिला. प्रसन्न मन कुठल्या रकान्यात लिहायचं ते कळेना, म्हणून तसाच परत आला.

सोमवारी सकाळी त्याने आईला काट्यावर उभं केलं. चाळीस पूर्णांक सहा. त्याने काटा उचलून झटकला, परत ठेवला. पुन्हा तेच.

आता आनंद व्हायला हवा होता, पण त्याचं डोकं आणखीच गरगरायला लागलं. त्याने नेहमीप्रमाणे विचारलं, “आई, भूक आहे का?”

“नको रे.”

आणि देवदत्तचा बांध फुटला. “आई, नको काय! काल सात पुऱ्या खाल्ल्यास तू! गंगूबाईंनाही नकोच म्हणत होतीस!”

कुमुदिनीबाई दचकल्या. मग जरा ओशाळून म्हणाल्या, “अरे, नको तर म्हणायचंच असतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय? वाढणाऱ्याने विचारलं की आपण नको म्हणायचं. पहिल्यांदाच हो म्हणून ताट पुढे करतात का कुणी? हावरटासारखं?” त्यांना खरंच कळत नव्हतं की हे या वयाच्या मुलाला का समजावून सांगावं लागतंय. “मग तो परत विचारतो, आपण परत नको म्हणतो, मग वाढतोच तो. तुझे बाबा तर विचारायचेच नाहीत. मी नको म्हणेपर्यंत वाढून मोकळे.”

इरावती खांद्याला बॅग लावून कॉलेजला निघाली होती. ती दारातच थांबली.

“पण मी रोज विचारत होतो,” देवदत्त म्हणाला. त्याचा आवाज आपोआप खाली आला होता.

“एकदा विचारायचास. मग मोबाइलमध्ये काहीतरी करायचास आणि जायचास.”

“आणि दुपारी? फ्रिजमध्ये एवढं सगळं असतं, आई. घ्यायचं ना काढून.”

“त्याच्यावर कागद लावलेला आहे ना तू.”

“अगं, तो पचनासाठी आहे! तुझ्या पोटाला त्रास होऊ नये म्हणून!”

“असेल. मला वाटलं, मला किती द्यायचं ते ठरलंय तुमचं.” त्या हे रागाने म्हणत नव्हत्या. “तुमचं घर आहे, तुमची काही पद्धत असेल. मी कशाला बोलू?”

इरावतीने बॅग खाली ठेवली. या बाईला आपण रोज ‘काही हवं का आई’ म्हणून विचारत होतो आणि उत्तर ऐकून निघून जात होतो, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

देवदत्त आईसमोर खुर्ची ओढून बसला. पाच महिने त्याने मूळ कारण शोधलं होतं, पुण्यापासून मल्हारगंजापर्यंत, आणि ते इतकं साधं निघालं की त्यावर त्याचा विश्वासच बसेना. त्याला विचारायचं नव्हतं, तरी त्याने विचारलं.

“आई, तुला रोज भूक लागायची?”

“लागायची ना.” कुमुदिनीबाईंनी साडीची निरी सारखी केली. “मग चारेक वाजता मरायची आपोआप.”

त्या दिवशी दोघांनीही रजा टाकली. इरावतीने पोळ्या लाटल्या, केळ्याचं शिकरण केलं, आणि दोनदा नाही, चार-चारदा विचारलं. देवदत्तला मधेच हुंदका आला, तेव्हा कुमुदिनीबाईच त्याला म्हणाल्या, “अरे, काय झालं? पोटात दुखून राहिलंय का तुझ्या?” त्याने मान हलवून तिच्या ताटात आणखी एक पोळी टाकली. लाज वाटत होती, आईचा रागही येत होता, आणि आपल्याला राग का यावा याची पुन्हा लाज. तीन दिवस तो घरात असाच वावरला. आग्रह त्याला धड जमेना. कधी तो फार लवकर थांबायचा, कधी आईचं खरंखुरं नको ओळखता न आल्याने पोळीवर पोळी वाढत सुटायचा.

गुरुवारी दवाखान्याच्या काट्यावर कुमुदिनीबाई उभ्या राहिल्या. एकेचाळीस पूर्णांक दोन.

“वाह!” डॉक्टर म्हणाले. त्यांनी फाइल उघडली, सगळे रिपोर्ट परत चाळले आणि पेन काढलं. भरती करण्याचं आता कारण नव्हतं, पण फाइलमध्ये काहीतरी लिहायला हवं होतं. त्यांनी देवदत्तकडे बघून विचारलं, “तो फिर बात क्या थी? पता चला कुछ?”

देवदत्तने तोंड उघडलं. पचन, फळं, आंबणं, सगळे शब्द त्याला पाठ होते, पण त्यातला एकही कामाचा नव्हता. माझी आई माझ्या घरात पाच महिने उपाशी होती, एवढं एकच वाक्य खरं होतं, आणि ते ओठांशी येऊन परत परत मागे जात होतं. डॉक्टर वाट बघत होते.

“पानी नहीं जमा था डॉक्टरसाहब,” कुमुदिनीबाई म्हणाल्या. “हम मल्हारगंज वाले, विजय नगर का पानी भारी पड़ गया. अब आदत हो गई.” त्यांनी पदर खांद्यावर घेतला आणि देवदत्तकडे न बघता पुढे म्हणाल्या, “बच्चे तो बहुत ध्यान रखते हैं.”

डॉक्टरांनी मान हलवली आणि फाइलमध्ये ते लिहून घेतलं.